फुलांखालची ओवी

जुन्या जालन्यात निजामोद्दीनला कुणी ‘डायरेक्टर’ अशी हाक मारली की तो आधी मागं वळून पाहायचा, आपल्यामागं आणखी कुणी उभं आहे का म्हणून. बापाचं काम पिंजाऱ्याचं. गाद्या भरायच्या, रजया शिवायच्या. पोरानं कापूस पिंजायचा सोडून काचेवर बाया रंगवायला घेतल्या तेव्हा घरात आठवडाभर कुणी त्याच्याशी धड बोललं नाही. पण ज्याच्या हाताला रंग लागला त्याला कापूस चिकटत नाही, हे बापानं हळूहळू मान्य केलं.

ही एक्क्याऐंशी सालची गोष्ट. निजाम विशीतला होता. त्या काळी थिएटरात इंटर्व्हलला काचेच्या स्लाइडी दाखवायचे. अमक्याचं बियाणं, तमक्याची चप्पल, आणि शेवटी ‘कृपया शांतता राखा’. ती पाटी पाहून लोक जास्तच गोंगाट करायचे. या स्लाइडी निजाम रंगवायचा. एका साडीच्या दुकानासाठी त्यानं एकाच बाईच्या दोन काचा केल्या, एकीत डोळे उघडे, दुसरीत मिटलेले. मशीनवर कचरू नावाचा ऑपरेटर होता. त्याला चहा पाजून निजामनं सांगितलं, “जल्दी जल्दी बदल, मंग पाह्य.” कचरूनं काचा भराभर बदलल्या आणि पडद्यावरच्या बाईनं पापण्या मिटल्या, उघडल्या. थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं.

दुसऱ्या दिवशी दुकानाचा मालक तणतणत आला. बाई डोळा मारते म्हटल्यावर चांगल्या घरच्या बायका दुकानाची पायरी चढतील का, असा त्याचा सवाल. निजामनं निमूटपणे तिला डोळ्यांऐवजी हातांनी नमस्कार करायला लावलं. पण त्या शिट्ट्या त्याच्या डोक्यात बसल्या त्या बसल्याच. न हलणारी वस्तू आपण हलवू शकतो, हे एकदा माणसाला कळलं की तो दुसऱ्या कामाचा राहत नाही.

पुढं व्हिडिओ आला. अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला निजामनं औरंगाबादहून जुना कॅमेरा आणि त्याहून जुना मिक्सर आणला, दुकानावर ‘शूटिंग’ अशी पाटी लावली आणि लग्नं घ्यायला लागला. हिंदूंची, मुसलमानांची, मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांची, खेड्यातल्या शेतकऱ्यांची, सगळ्यांची. लग्न संपलं की मिक्सिंग. म्हणजे काय, तर शूटिंगच्या कॅसेटवरून दुसरी कॅसेट बनवायची, तिच्यात चित्रं कापायची, जोडायची, नवरीचं तोंड बदामात बसवायचं आणि लग्नातला सगळा आवाज पुसून त्यावर सिनेमातली गाणी टाकायची. लग्नातल्या खऱ्या आवाजाला शूटिंगवाल्यांच्या लेखी किंमत नव्हती. बँड, रडणारी पोरं, भाताच्या नावानं ओरडणारा आचारी, माइकवर ‘मुलाच्या मामांनी ताबडतोब यावे’. हे कोण ऐकणार? मिक्सिंग झालं की मूळ कॅसेट पुढच्या लग्नात पुन्हा वापरायची. जिल्ह्यातले सगळेच शूटिंगवाले असं करायचे आणि त्यात काही चुकतंय असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

निजाम मात्र बाकीच्यांच्या एक पाऊल पुढं होता. त्यानं फुलं केली. काळ्या कागदावर पांढरी-पिवळी फुलं काढायची, कॅमेऱ्याचं बटण दाबायचं, सोडायचं, फुलं बोटभर खाली सरकवून काढायची, पुन्हा दाबायचं. मिक्सरमध्ये काळा रंग गळून जायचा आणि नवरीवर आभाळातून फुलं झरायची. सिनेमातही नव्हतं असलं काही. लोक मिक्सिंग ठरवतानाच विचारायचे, “निजामभाई, फुलं पडतील ना?” सासरी निघालेल्या नवरीवर, उंबरठ्यावरच्या आईवर, टेम्पोवर, टेम्पोच्या ड्रायव्हरवरसुद्धा फुलं पडायची. त्याची बायको सलमा म्हणायची, “फूलां बनाते बनाते तुम मालीच हो गए.” तो हसायचा. त्याला त्या फुलांचा अभिमान होता, आणि का नसावा?

भोकरदन तालुक्यातल्या धावड्याला लग्न असलं की निजामला तुळजाबाई भेटायच्या. सडपातळ, उंच, कपाळभर कुंकू, आवाज मात्र असा की मांडवातला बँडवाला गुमान बाजा खाली ठेवायचा. हळदीची गाणी, विहिणीला टोचणारी गाणी, सगळं त्यांच्या तोंडात. आणि नवरी निघताना उंबऱ्याची गाणी. त्या गाण्यांची तिथं एक रीत होती. पहिल्या ओव्या सगळ्यांच्या, सगळ्या बाया म्हणायच्या. शेवटची ओवी मात्र त्या नवरीची. तुळजाबाई ती तिथंच उभ्या उभ्या जुळवायच्या आणि एकदाच म्हणायच्या. रखमाजी पाटलाच्या लेकीला त्यांनी चोरून खाल्लेल्या कच्च्या चिंचांची ओवी म्हटली होती, तर म्हशीला भिणाऱ्या एका पोरीला म्हशीची. बाया रडता रडता हसायच्या. ती ओवी पुन्हा कुणी म्हणायचं नाही, दुसऱ्या नवरीला तर नाहीच. उसनी ओवी लेकीला लाभत नाही, असं म्हणायचे.

निजाम हे सगळं पाहायचा. ऐकायचा का? कानावर पडायचं. पण त्याचं लक्ष तोंड नीट दिसतंय की नाही आणि इथं कुठलं गाणं बसेल याकडे असायचं.

ब्याण्णव साली तुळजाबाईंच्या स्वतःच्या लेकीचं, उषाचं लग्न निघालं. नवरा मंठ्याचा. तुळजाबाई निजामला म्हणाल्या, “भाऊ, लई लोकांच्या लेकी काढल्या तू. माझी बराबर काढ.” त्यानं जीव ओतला. उषा निघाली तेव्हा तो तुळजाबाईंपासून दोन हातांवर होता. एकीकडे बँड, दुसरीकडे टेम्पोचा हॉर्न. उषा पदरात तोंड खुपसून हमसून रडत होती. तुळजाबाई उंबऱ्यात उभ्या राहून गायल्या आणि शेवटची ओवी लेकीच्या कानाशी वाकून म्हटली. निजामला तो शॉट असा काही मिळाला की त्याचे डोळे भरून आले. मिक्सिंगला त्यानं रडायला लावणारं सिनेमातलं गाणं टाकलं आणि त्याच्या हातून तोवर झाली नव्हती इतकी दाट फुलं त्या उंबऱ्यावर पाडली. मंठ्यात ती कॅसेट ज्यानं पाहिली त्यानं डोळे पुसले. मूळ कॅसेट पुढच्याच लग्नात वापरली गेली.

मग सीडीचा जमाना आला. खेड्यापाड्यात टीव्हीच्या शेजारी सीडीचं मशीन आणि त्यावर गाण्यांचे अल्बम. मंठ्याला बद्रीनाथ नावाचा कॅसेटवाला होता. त्यानं निजामला गाठलं. “आपल्या भागातल्या लग्नाच्या गाण्यांची सीडी काढू. गाणी मी गोळा करतो, चित्रं तू काढ. तू डायरेक्टर.” निजामनं अल्बमची दोन-तीन कामं केली आणि त्यात काढलेली चित्रं हलवली. भांडणाऱ्या विहिणींच्या नथी वर-खाली व्हायच्या, रुखवतातले लाडू घरंगळत जायचे. लोक हसून बेजार. आता कंप्युटर आला होता, पण निजाम आधी कागदावरच काढायचा.

उषा बद्रीनाथच्या शेजारीच राहायची. दोन हजार तीन साली ती जुन्या जालन्यात निजामच्या दुकानात आली. हातात पिशवी, पिशवीत तिच्या लग्नाची कॅसेट. तुळजाबाई वारल्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती.

“निजामभाई,” ती म्हणाली, “तुम्ही गाण्यांचे पिक्चर करता म्हणं. मंग माझं एक काम करा. यातलं सिनेमाचं गाणं काढून टाका. खालून मायचा आवाज येऊ द्या.”

निजामला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. भिंतीचा नवा रंग खरवडला की खालचा जुना रंग दिसतो, तसं गाण्याच्या खाली आवाज असेल असं तिला वाटत होतं.

“मी लई रडत व्हते,” उषा सांगत होती. “मायनं मला काय म्हन्लं ते मला आयकूच आलं न्हाई. नंतर इचारलं तर माय म्हनायची, एकदा म्हन्ली ते म्हन्ली, आता पुन्हा न्हाई. आता कॅसेट लावते तं तिचं तोंड हालतं, अन् गानं दुसरंच वाजतं.”

खाली काहीही नाही, हे निजामनं त्याच क्षणी सांगायला हवं होतं. त्याच्या तोंडून निघालं, “पाहतो, ताई.” ती निघून गेली. त्याला आपल्या धंद्याची लाज वाटली, आणि हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. जिल्ह्यातल्या किती आया, किती आज्या त्यानं अशा मुक्या करून ठेवल्या होत्या! सगळ्यात वाईट म्हणजे, त्या दिवशी त्या ओवीच्या सगळ्यात जवळ तोच उभा होता. उषानं नाही, पण त्यानं ती ऐकली असणार. आठवून आठवून डोकं दुखायला लागलं तरी त्याला फक्त तो शॉट आठवायचा. आवाजाच्या जागी सिनेमातलं गाणं वाजायचं, त्यानंच टाकलेलं.

मग त्याला एक सुचलं. चित्रांतल्या माणसांना बोलायला लावायचं म्हणून त्यानं वर्षानुवर्षं लोकांचे ओठ पाहिले होते. ओठ मिटले की कोणती अक्षरं, गोल झाले की कोणती, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं धावड्याहून नंदाबाईंना बोलावलं. त्या तुळजाबाईंच्या जोडीनं गायच्या. टीव्हीचा आवाज बंद केला, कॅसेट लावली आणि दोघं पाहत बसले.

नंदाबाईंनी थोड्याच वेळात मांडीवर थाप मारली. “आरं, ही तं उंबऱ्याची. ही मला पाठ हाय.” आणि तुळजाबाईंच्या ओठांबरोबर गायला लागल्या:

उंबऱ्याच्या आत, लेकी, खेळली तू सागरगोटे
उंबऱ्याच्या भाईर आता वाट तुझी, बाई, फुटे

चुलीपाशी लेक कुठं, तवा मला इचारील
माय तुझी येडी, बाई, त्याला काय सांगील

शब्द ओठांवर चपखल बसत होते. अकरा वर्षं मुकी असलेली बाई त्याच्या दुकानात बोलायला लागली होती. मग तुळजाबाई लेकीच्या कानाशी वाकल्या, आणि फुलं पडायला लागली.

दाट, पांढरी-पिवळी फुलं. बरोबर तोंडावर.

निजामनं कॅसेट मागं घेतली, थांबवली, एक एक चित्र पुढं सरकवलं. थांबवलं की चित्र थरथरायचं. फुलांच्या फटीतून कधी खालचा ओठ दिसायचा, कधी नाकातली चमकी, आणि लगेच त्याचंच एखादं फूल येऊन तेवढंही झाकायचं. त्यानं कागद घेतले आणि जे दिसतंय ते काढायला सुरुवात केली. हे काम कितीतरी दिवस चाललं. घरात, दुकानात, कागदच कागद, आणि प्रत्येकावर ओठाचा एखादा तुकडा. सलमा वैतागून म्हणाली, “कब तक मुँहाँ बनाते बैठते जी?” मग तिनं एक कागद उचलून पाहिला आणि जपून खाली ठेवला. त्या तुकड्यांतून एक शब्दसुद्धा पुरा जुळला नाही. फुलं नीट काढली होती ना त्यानं! जीव ओतून काढली होती.

नंदाबाई व्यवहारी बाई. “एवढं काय मनाला लावून घेतो? मी देते एक ओवी जुळवून. उषाला काय कळायलंय?” आणि त्यांनी दिलीही:

जा गं लेकी, उजळ तू परक्याचं घरदार
माय तुझी उभी हितं धरून मांडवाचं दार

ओवी छान होती. दिसणाऱ्या तुकड्यांवर बसतही होती. निजामच्या मनानं कौल दिला. एका आईवेगळ्या लेकीचं मन शांत होतंय, त्यात कुणाचं काय बिघडतंय? त्यानं नंदाबाईंच्या आवाजात तिन्ही ओव्या घेतल्या, चित्रावर बसवल्या आणि उषाला निरोप धाडला.

उषा आली, स्टुलावर बसली. पहिली ओवी लागली तसा तिनं पदर तोंडाशी धरला. शेवटची ओवी झाली आणि ती रडता रडता हसली. “पुन्हा लावा.” निजामनं पुन्हा लावली. आता ती ओठांनी सोबत पुटपुटत होती, पाठ करत होती. “माय असं म्हन्ली,” ती स्वतःशीच म्हणाली. “मांडवाचं दार धरून.” मग एकदम तिनं विचारलं, “पर त्यात माझं काहीच कसं न्हाई? मायनं तं सगळ्या पोरींचं काही ना काही घातलं. माझंच न्हाई घातलं?”

या बाईला आता जन्मभर वाटत राहणार होतं की आईनं सगळ्या गावाच्या लेकींची ओळख ठेवली आणि आपल्याला मात्र कुणालाही चालेल अशी ओवी देऊन वाटेला लावलं. त्यानं मशीन बंद केलं.

“ताई, ती ओवी नंदामावशीची हाय. तुमच्या मायची मला सापडली न्हाई. आवाज मीच पुसला व्हता, गाण्याखाली आता काहीच न्हाई. तोंडावरून काढावं म्हन्लं, तं तोंडावर माझी फुलं. मी खोटं करून राह्यलो व्हतो. माफ करा.”

उषानं पदरानं तोंड पुसलं. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, शेजारच्या कपड्याच्या दुकानात गठ्ठे उतरत होते. निजामला वाटलं ती आता शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर त्याला बरंच वाटलं असतं.

“मंग काढून टाका ती,” उषा शेवटी म्हणाली. “नंदामावशीची ओवी तिच्या लेकीला ऱ्हाऊ द्या.”

“अन् त्या जागी?”

“त्या जागी काय टाकता आता? काही टाकू नका.”

बद्रीनाथच्या लग्नगीतांच्या नव्या सीडीत हेच उंबऱ्याचं गाणं घ्यायचं ठरलं, आणि निजामनं ते असंच केलं. जुनी कॅसेट फार खराब झाली होती, म्हणून त्यानं तुळजाबाई काढल्या, एक एक कागद करून, उंच, सडपातळ, कपाळभर कुंकवाच्या. पहिल्या दोन ओव्या उषा गायली. तिचा आवाज आईइतका मोठा नव्हता, पण वळण तेच होतं. शेवटच्या ओवीला चित्रातल्या तुळजाबाई लेकीच्या कानाशी वाकतात आणि आपल्याला पाठमोऱ्या होतात. त्यांचं तोंड दिसत नाही. आवाज नाही, वाद्य नाही. एका ओवीला लागतो तेवढा वेळ सगळं गप्प, आणि मग लेक चालायला लागते. एकही फूल पडत नाही.

बद्रीनाथनं कपाळावर हात मारला. “निजाम, लोकायला वाटंल सीडी अडकली.” तसंच झालं. पहिल्या आठवड्यात माणसं सीडी परत आणून देऊ लागली. कुणी ती धोतरानं पुसून आणली, कुणी साबणानं धुऊन. बद्रीनाथ प्रत्येकाला समजावून थकला. निजाम मात्र ती जागा भरायला तयार झाला नाही. एरवी हा माणूस कुणाच्या शब्दाबाहेर जायचा नाही. यावेळी अडून बसला.

पुढच्या उन्हाळ्यात धावड्याला सर्जेरावच्या घरी लग्न होतं. शूटिंग निजामचंच. मंठ्याहून उषाही माहेरच्या लग्नाला आली होती. आता गाणाऱ्या बाया राहिल्या नव्हत्या, नंदाबाईंचाही आवाज बसला होता, म्हणून नवरी निघताना लाउडस्पीकरवर ती सीडी लावली. दोन ओव्या झाल्या आणि गाणं गप्प झालं. मांडवही गप्प झाला. आणि त्या गप्पपणात सर्जेरावची बायको, पुष्पाबाई, जिनं जन्मात कधी चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं, ती लेकीला धरून स्वतःच जुळवलेली ओवी म्हणाली. गळा बेसूर, शब्द अडखळते. लेकीच्या भाजलेल्या बोटाचं काहीतरी होतं, पहिल्या भाकरीच्या वेळी भाजलेल्या. नवरी रडता रडता हसली. स्पीकरवर पुढचं गाणं सुरू झालं तेव्हा कुणीतरी धावत जाऊन ते बंद केलं.

निजाम दोन हातांवर उभा होता. या खेपेला त्यानं शॉटकडे पाहिलंच नाही. तो ऐकत होता.

उषा मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. तिची ओवी तिला कधीच मिळणार नव्हती आणि हे तिला कुणी नव्यानं सांगायची गरज नव्हती. टेम्पो हलला, माणसं पांगली, तशी ती निजामजवळ आली. डोळे कोरडे होते. तिनं कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं.

“हिच्या मायचा आवाज हाय ना यात?”

“हाय, ताई.”

“पुसू नका,” ती म्हणाली, आणि पुष्पाबाई एकटीच उंबऱ्यात बसली होती तिच्याशेजारी जाऊन बसली.